‘स्टेप’ची घंटा गोव्यात किती कामाची?

चतुर्थीला, घरच्या लग्नाला किंवा डिसेंबरच्या सुट्टीत न्यू जर्सीहून येणारा भाचा हल्ली तिकीट काढण्याआधी दोन प्रश्न विचारतो. ‘तिकडे सगळं ठीक आहे ना?’ आणि ‘मी अमेरिकन म्हणून वाटेत काही त्रास होईल का?’ पहिल्याचं उत्तर मावशी फोनवर देऊन टाकते. दुसऱ्यासाठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक फुकट सेवा आहे. तिचं नाव स्मार्ट ट्रॅव्हलर एनरोलमेंट प्रोग्रॅम, पण सगळे तिला ‘स्टेप’च म्हणतात. परदेशी जाणाऱ्या अमेरिकन नागरिकाने आपण कुठे, कधी जातोय ते कळवायचं आणि तिथल्या अमेरिकन वकिलातीने गडबड झाली की ईमेल पाठवायचा, एवढाच हा व्यवहार. फोंडा, म्हापसा, मडगाव इथे येणाऱ्या पाहुण्याला आणि त्याला उतरवून घेणाऱ्या घराला या सेवेचा प्रत्यक्षात काय उपयोग होतो, ते इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. नोंदणी जरूर करा, पण नुसतं ‘भारत’ निवडून मोकळे होऊ नका. राजकीय तणावाची झळ गोव्यात क्वचितच पोचते, ती वाटेत लागते. तरीही बहुतेक जण वाटेतला देश यादीत घालतच नाहीत.

नोंदणीचे दोन रस्ते आहेत. एकात फक्त ईमेल पत्ता देऊन देश निवडायचे, दोन मिनिटांचं काम. दुसऱ्यात अमेरिकन सरकारचं लॉगिन खातं उघडून प्रवासाच्या तारखा, राहण्याचा पत्ता, फोन आणि आणीबाणीतला संपर्क भरायचा. पहिला रस्ता सोपा म्हणून लोक तोच धरतात. पण नुसत्या ईमेलवरून तुम्ही कोलव्याला आहात की कोल्हापूरला, हे वकिलातीला कळण्याची सोय नाही. घंटा तेवढी ऐकू येईल, तुम्हाला शोधायला कुणी येणार नाही. आठ दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल, सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, तर दुसरा रस्ता घ्या. फोनच्या रकान्यात गोव्यात जो नंबर चालू राहणार तो द्या. अमेरिकन नंबर रोमिंग बंद करून पिशवीत पडणार असेल तर तो भरून काही साधत नाही. पहिला ईमेल आला की तो स्पॅममध्ये गेला नाही ना, एवढं बघून घ्या, कारण सरकारी पत्रं तिथेच जाऊन बसतात. ईमेल बघायची सवयच नसेल तर याच खात्याचं सुरक्षा सूचनांचं व्हॉट्सॲप चॅनेलही आहे. ते जगभराचं असल्यामुळे त्यात गोव्याच्या माणसाला नको असलेलं बरंच येतं.

आता वाटेची गोष्ट. अमेरिकेतून थेट गोव्याला विमान नाही. माणूस दोहा, अबू धाबी, दुबईसारख्या आखाती शहरातून गोव्याच्या मोपा किंवा दाबोळी विमानतळावर येतो, नाहीतर मुंबई-दिल्लीला उतरून पुढचं देशी विमान धरतो. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी इराणने कतारमधल्या, अमेरिकन सैन्य असलेल्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं सोडली आणि कतारचं आकाश काही तास बंद झालं. शेजारच्या देशांनीही तात्पुरती बंदी घातली. त्या रात्री पणजीत चिटपाखरूही हललं नव्हतं, पण दोह्यात विमान बदलणारा मात्र अडकला. त्याच्या आदल्याच दिवशी, २२ जूनला, अमेरिकेने जगभरच्या आपल्या नागरिकांसाठी सावधगिरीची सूचना काढली होती. त्यात पश्चिम आशियातलं आकाश मधूनमधून बंद होत असल्याचा आणि अमेरिकनांविरुद्ध निदर्शनं होण्याच्या शक्यतेचा उल्लेख होता. म्हणजे घंटा वेळेवर वाजली. पण अशा वेळी तिकडच्या विमानतळावर नेमकं काय करायचं, हे तिथली वकिलात सांगते आणि ते तुमच्यापर्यंत येण्यासाठी स्टेपमध्ये कतार निवडलेलं असावं लागतं. म्हणून जिथे विमान बदलणार तो प्रत्येक देश यादीत घाला, थांबा तीनच तासांचा असला तरी.

उलट उदाहरण त्याच वर्षीच्या मे महिन्याचं. भारत-पाकिस्तान संघर्षात उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीला बंद केले होते. त्या यादीत ना दाबोळी होतं ना मोपा. बंदीची मुदत १५ मेच्या पहाटेपर्यंत होती, पण १२ मेलाच ते उघडले. बातम्यांत ‘भारतातले विमानतळ बंद’ एवढंच ऐकून ज्यांनी गोव्याचं तिकीट रद्द केलं, त्यांचे पैसे आणि सुट्टी दोन्ही गेलं. त्या संघर्षाची खरी किंमत लांबच्या उड्डाणांनी मोजली. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची विमानं वळसा घालू लागली. दिल्ली-वॉशिंग्टन सेवा तर १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली गेली. यातलं काहीच ‘धोका’ या सदरात मोडत नाही. म्हणून स्टेपच्या ईमेलवर विसंबून उड्डाणाचं वेळापत्रक बघायचं सोडू नका.

तिकिटाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. मुंबई-गोवा तिकीट स्वस्त मिळालं म्हणून वेगळं काढलं आणि अमेरिकेचं विमान आठ तास उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीचं तिकीट बुडालं. त्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या उड्डाणांना तिथल्या वाहतूक खात्याचा परताव्याचा नियम लागू होतो. विमान रद्द झालं किंवा आंतरराष्ट्रीय प्रवास ६ तास वा त्याहून जास्त पुढे-मागे सरकला आणि तुम्ही पर्यायी सोय नाकारली, तर पैसे मूळ कार्डावर परत मिळायला हवेत. कारण युद्धाचं आहे की वादळाचं, याने फरक पडत नाही. विमान कंपनी बहुधा आधी व्हाउचर पुढे करते. ते स्वीकारलंत की रोख परताव्यावरचा हक्क गेला.

आता खुद्द सूचनांकडे. परराष्ट्र खातं प्रत्येक देशाला १ ते ४ अशी पायरी देतं. १ म्हणजे नेहमीची काळजी, २ म्हणजे जास्त सावधगिरी, ३ म्हणजे जायचं का याचा फेरविचार करा, ४ म्हणजे जाऊ नका. ही पद्धत जानेवारी २०१८ पासून आहे. भारत दुसऱ्या पायरीवर आहे. हे वाचून नातेवाईक घाबरतात, पण फ्रान्स, जर्मनी, ब्रिटनही त्याच पायरीवर बसलेले दिसतात. पॅरिसला बिनधास्त जाणाऱ्याने काणकोणला घाबरायचं कारण नाही. आकड्यापेक्षा खालचा मजकूर वाचा. भारताच्या १६ जून २०२५ च्या सूचनेत जम्मू-काश्मीर (पूर्व लडाख आणि लेह सोडून), पाकिस्तान सीमेपासून १० किलोमीटरचा पट्टा आणि मणिपूर इथे न जाण्याचा सल्ला आहे. पूर्व महाराष्ट्रात जायला अमेरिकन सरकारी नोकरांना आधी परवानगी लागते, असंही त्यात आहे. गोव्यातून गडचिरोलीला कुणी सहज जात नाही, पण नागपूरकडचं लग्न असेल तर पाहुणा हे वाचून फोन करणार हे धरून चाला. तो नियम सरकारी नोकरांसाठी आहे, भाच्यासाठी नाही. गोव्याचं नाव या प्रतिबंधांत कुठेच नाही. बायकांनी एकटीने प्रवास करू नये, असं मात्र सरसकट लिहिलं आहे. रात्री उशिरा हणजूण-वागातोरच्या रस्त्यांवर एकटीने फिरू नये हे कुणीही सांगेल, पण पणजी-मडगाव बसला तोच इशारा लावणं म्हणजे अतिच झालं. एका ओळीत अख्खा देश बसवला की असंच होणार.

ईमेलचा साचा ठरलेला असतो. वर इशाऱ्याचा प्रकार येतो, सुरक्षा, निदर्शनं किंवा हवामान. मग ठिकाण, घटना, काय करावं आणि मदतीचे फोन. ‘काय करावं’ या रकान्यात बहुतेक वेळा तीच वाक्यं असतात: गर्दी टाळा, स्थानिक बातम्या बघा, आजूबाजूला लक्ष ठेवा. नवं काही असतं ते ‘ठिकाण’ आणि ‘घटना’ या दोन ओळींत, तेवढ्या नीट वाचल्या की पुरे. कारण गोवा मुंबईच्या वकिलातीच्या हद्दीत येतो, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या जोडीने. म्हणजे मिळणारे इशारे मुख्यतः मुंबईच्या नजरेतून लिहिलेले. ‘आझाद मैदानावर निदर्शनं’ असं आलं तर ते मुंबईचं आझाद मैदान. पणजीतही आझाद मैदान आहे, आणि तिथेही मोर्चे येतातच, पण त्यांच्यावर मुंबईहून क्वचितच कुणी ईमेल लिहील. पणजीचं हॉटेल रद्द करण्याआधी ठिकाणाची ओळ दोनदा वाचा.

या घंटेच्या कक्षेत काय येत नाही, तेही माहीत हवं. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली. जत्रेची गर्दी, खवळलेला समुद्र, भाड्याची दुचाकी हे गोव्यातले खरे धोके आहेत आणि त्यांना राजकारणाशी काही देणंघेणं नाही. त्यासाठी ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८, हे दोन नंबर फोनमध्ये असू द्या. अमेरिकन लायसन्सवर स्कूटर घेणाऱ्याने निघण्याआधी एएए या वाहनचालकांच्या अमेरिकन संस्थेकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, आणि त्यावर मोटरसायकलचा शिक्का आहे का ते बघावं. तो तेव्हाच मिळतो जेव्हा मूळ लायसन्सवर दुचाकीची नोंद असते. नसेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं.

सेवेची खरी परीक्षा पासपोर्ट हरवल्यावर होते, आणि इथे गोवा अंतरामुळे मार खातो. गोव्यात अमेरिकेचं कार्यालय नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत स्वतः जावं लागतं. क्रम असा ठेवा.

पहिली गोष्ट, घाई करून ऑनलाइन डीएस-६४ फॉर्म भरू नका. पासपोर्ट हरवल्याचं एकदा कळवलं की तो तत्क्षणी रद्द होतो, आणि नंतर भाड्याच्या गाडीच्या सीटखाली सापडला तरी त्याचा उपयोग नाही. आधी शॅक, हॉटेलची तिजोरी, टॅक्सी सगळं धुंडाळा. खरंच गेला असेल तर ज्या हद्दीत गेला त्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि शिक्क्याची प्रत घ्या. तक्रारीत पासपोर्ट नंबर, व्हिसा किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) नंबर आणि भारतात आल्याची तारीख लिहून घ्या, पुढे प्रत्येक खिडकीवर तेच विचारतात. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा आणि प्रवेशाच्या शिक्क्याचा फोटो फोनमध्ये असेल तर अर्धं काम झालं.

मग फोटो. स्टुडिओत नुसतं ‘पासपोर्ट फोटो’ म्हटलं की आपल्याकडचा उभा आकार हातात पडतो. ‘अमेरिकन व्हिसा साइज’ म्हणा, म्हणजे २ बाय २ इंच, पांढरी पार्श्वभूमी. चष्मा काढूनच फोटो काढायचा, चष्म्याचा फोटो नोव्हेंबर २०१६ पासून चालत नाही. नव्या पासपोर्टच्या अर्जाचा डीएस-११ फॉर्म भरा, पण सही करू नका, ती अधिकाऱ्यासमोर करायची असते. प्रौढांना शुल्क १३० अधिक ३५, म्हणजे १६५ डॉलर.

मुंबई गाठायला कोकणकन्येसारखी रात्रीची गाडी सोयीची. ठाण्याला उतरून लोकलने कुर्ला, तिथून रिक्षा. पोलिसांच्या कागदाची प्रत आणि अमेरिकन लायसन्स हाताशी ठेवा, कारण ओळखपत्र सगळीकडेच मागतात. लॅपटॉप आणि मोठी बॅग वकिलातीत नेऊ देत नाहीत, म्हणून गाडीतून उतरून सामानासकट थेट तिकडे जाऊ नका. प्रवासाची तारीख जवळ असेल तर जांभळ्या मुखपृष्ठाचा, कमी मुदतीचा आणीबाणीचा पासपोर्ट मिळतो. तो वर्षाच्या आत डीएस-५५०४ फॉर्म भरून पूर्ण मुदतीच्या पासपोर्टशी वेगळं शुल्क न देता बदलून घेता येतो.

आणि इथेच सगळे फसतात: नवा पासपोर्ट हातात आला म्हणजे देश सोडता येतो असं नाही. व्हिसा जुन्या पासपोर्टला जोडलेला असतो. तेव्हा परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय कार्यालयाच्या ई-एफआरआरओ पोर्टलवर नव्या पासपोर्टची माहिती आणि पोलीस तक्रार चढवून बाहेर पडण्याची परवानगी घ्यावी लागते. ती हातात येईपर्यंत परतीचं तिकीट पक्कं करू नका. वकिलातीच्या माहितीत याचा उल्लेख असतो, पण ठळक नसतो, आणि आमच्या मते ही या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे.

दुसरी उणीव कायद्याची आहे, सेवेची नाही, पण तिचा चटका गोव्यातल्या घराला बसतो. भाचा बांबोळीच्या गोमेकॉ इस्पितळात आहे किंवा पोलीस ठाण्यात आहे असं कळलं आणि फोंड्याच्या मावशीने वकिलातीत फोन लावला, तर तिला काहीच सांगत नाहीत. अमेरिकेचा १९७४ चा खाजगीपणाचा कायदा आडवा येतो. भाच्याने डीएस-५५०५ या संमतिपत्रावर मावशीचं नाव लिहून सही केलेली असेल तरच माहिती मिळते. हा फॉर्म अमेरिकेतून निघतानाच भरून त्याची प्रत गोव्यातल्या घरी पाठवावी. अटक झालीच तर ‘मुंबईच्या अमेरिकन वकिलातीला कळवा’ असं स्वतः स्पष्ट सांगायचं, तो आंतरराष्ट्रीय कराराने मिळालेला हक्क आहे. वकिलात वकिलांची यादी देते, त्यांची फी भरत नाही, सुटका तर करतच नाही. इस्पितळाचं बिलही तिच्या कक्षेत नाही. मेडिकेअर ही तिकडची ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना अमेरिकेबाहेर साधारणपणे काही देत नाही, हे ज्येष्ठांनी पक्कं लक्षात ठेवावं.

‘काही झालं तर अमेरिका विमान पाठवेल’ हा समज चित्रपटांतून आलेला. प्रत्यक्षात सरकारने बाहेर काढण्याची सोय केलीच, तर बसण्याआधी वचनचिठ्ठीवर सही घेतात आणि साधारण इकॉनॉमी वर्गाच्या पूर्ण भाड्याइतकी रक्कम नंतर वसूल करतात. आणि नेऊन सोडतात ते जवळच्या सुरक्षित ठिकाणी, घरच्या दारात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हैफाहून सायप्रसला बोटीने नेलेल्यांचं असंच झालं होतं. पैसे थकवले तर पुढच्या पासपोर्टला अडचण येते.

मग विमा. पायरी २ आहे म्हणून विमा बंद पडत नाही, पण काही पॉलिसी पायरी ३ आणि ४ वगळतात, आणि युद्धाचं नुकसान वगळणारं कलम बहुतेकांत असतं. संघर्ष बातम्यांत आल्यानंतर घेतलेली पॉलिसी त्याच संघर्षासाठी चालत नाही. कोणत्याही कारणाने रद्द करण्याची सवलत हवी तर पहिलं बुकिंग केल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत ती घ्यावी लागते, आणि ती खर्चाच्या ५० ते ७५ टक्केच परत देते. तणावाच्या काळात तेही थोडं नाही.

बॅगेतल्या एका वस्तूसाठी स्वतंत्र इशारा द्यायला हवा. अमेरिकेत डोंगरात फिरणारे गार्मिनचं इनरीच नावाचं छोटं यंत्र बॅगेला टांगून ठेवतात. ते उपग्रहावरून संदेश पाठवतं, आणि भारतात परवान्याशिवाय तसं यंत्र बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन प्रवाशाला याच कारणाने अडवलं होतं. फोनमधल्या किंवा घड्याळातल्या साध्या जीपीएसचा प्रश्न नाही. अमेरिकन सूचनेत २ लाख डॉलरपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद असं स्पष्ट लिहिलं आहे. त्या सूचनेतली गोव्याच्या पाहुण्याला सर्वांत उपयोगी ओळ हीच, पण काश्मीरपर्यंत वाचून लोक थांबतात.

पाचपैकी साडेतीन तारे. घंटा म्हणून चार, गोव्याबद्दलच्या माहितीसाठी दोन. अमेरिकेबाहेरून मदतीचा नंबर +१-२०२-५०१-४४४४, अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी ८८८-४०७-४७४७. हे दोन्ही कागदावर लिहून फ्रिजवर लावा, फोन समुद्रात पडला तरी कागद राहतो. यजमानाच्या वाट्याचं एक काम उरतं: व्हिसावर आलेला परदेशी पाहुणा घरी उतरला तरी २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद, म्हणजे ज्याला सगळे ‘फॉर्म सी’ म्हणतात ती, करायची असते. हॉटेलवाले करतात, घरवाले विसरतात.